टाकीतली कुज आणि बागेतले ठिपके: रावेर पट्ट्यातील केळीच्या एका कंटेनरचे प्रकरण

सप्टेंबरच्या उत्तरार्धात रावेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका पॅकहाऊसमधून कांदेबागाची (पावसाळ्याअखेरीस लावलेल्या बागेची) केळी आखातात रवाना झाली. चाळीस फुटी रीफर (थंड हवेचा) कंटेनर, १३ किलोच्या १,५४० पेट्या, म्हणजे २० टन माल. पॅकिंगपासून तिकडे दार उघडेपर्यंत चौदा दिवस गेले. खरेदीदाराने पाठवलेल्या फोटोंत फण्यांचे क्राउन (सगळी केळी जिथे एकत्र जुळतात तो वरचा जाड भाग) काळे पडलेले होते, त्यावर पांढरट-गुलाबी बुरशी होती, आणि फणी उचलली की काही केळी देठातून गळून येत होती. थोड्या पेट्या वाटेतच पिवळ्या पडू लागल्या होत्या. आठवडाभराने दुसरी तक्रार आली: हिरवा आणि स्वच्छ दिसणारा मालही पिकवल्यावर सालीवर तपकिरी, खोलगट ठिपके दाखवत होता. गावांची आणि बागायतदारांची नावे इथे मुद्दाम दिलेली नाहीत. तीन बागांना क, ख, ग म्हटले आहे.

अशी तक्रार आली की पहिला आरोप रीफरवर होतो. इथेही तेच झाले. पण कंटेनरमधल्या तापमान-नोंदयंत्राची आकडेवारी काढली, तेव्हा हवा सबंध प्रवासात १३.५ अंशांच्या आसपास स्थिर दिसली. त्याहून भक्कम पुरावा घराजवळच होता. त्याच दिवशी निवडीत बाजूला काढलेला दुय्यम माल कॅरेटमध्ये भरून जळगावच्या एका रायपनिंग चेंबरला (केळी पिकवण्याच्या खोलीला) गेला होता. त्या मालाने ना कंटेनर पाहिला, ना समुद्र, तरी आठवड्याच्या आत त्याचेही क्राउन काळे पडले. म्हणजे रोग दार बंद होण्याआधीच मालावर चढला होता.

मग फोटो पेटीवरच्या शिक्क्यांप्रमाणे लावले. या पॅकहाऊसची एक सवय फार उपयोगी पडली: प्रत्येक पेटीवर बागेची खूण आणि दोन-दोन तासांच्या तुकडीचा क्रमांक मारला जातो. त्या शिक्क्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. काळा क्राउन तिन्ही बागांच्या मालात होता, पण सकाळच्या तुकड्यांत तुरळक आणि दुपारच्या जेवणानंतरच्या तुकड्यांत ढिगाने. सालीवरचे ठिपके मात्र वेळ कोणतीही असो, फक्त ‘ख’ बागेच्या पेट्यांत होते. वेळेनुसार बदलते ते पॅकहाऊसमधले कारण, बागेनुसार बदलते ते शेतातले. शिक्के नसते तर दोन्ही तक्रारी ‘मालच खराब’ या एका वाक्यात बुडाल्या असत्या, आणि औषधही भलत्याच ठिकाणी पडले असते.

कुज कोणाची

क्राउन रॉट (क्राउनची ही कुज) हा एका बुरशीचा रोग नाही, तो बुरशींच्या टोळीचा आहे. कोलेटोट्रायकम म्युसी, फ्युजॅरियमच्या दोन-तीन जाती, लॅसिओडिप्लोडिया, कधी थिलॅव्हिऑप्सिस. कोणती पुढे सरसावेल हे तापमानावर आणि त्या दिवशी पाण्यात काय तरंगत होते यावर ठरते. अंदाज घ्यायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. क्राउनच्या चकत्या करून ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या डब्यात तीन-चार दिवस ठेवल्या की ओळख पटू लागते. पांढरा-गुलाबी कापूस आला तर बहुधा फ्युजॅरियम. नारिंगी, चिकट ठिपक्यांचे पुंजके आले तर कोलेटोट्रायकम. राखाडी-काळी बुरशी आणि झपाट्याने पसरणारा मऊ काळा भाग दिसला तर लॅसिओडिप्लोडिया, जिला उष्णता मानवते. खात्री करायची तर नमुना केळी संशोधन केंद्र, जळगाव किंवा कृषी विज्ञान केंद्र, पाल इथे नेता येतो. नेताना तो कागदी पिशवीत न्यावा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि जिवाणूच सगळे झाकून टाकतात. या प्रकरणात चकत्यांवर प्रामुख्याने फ्युजॅरियमसारखी वाढ होती, मधे मधे कोलेटोट्रायकमचे नारिंगी पुंजके.

दुपारची टाकी

घडावरून फणी कापली की क्राउनवर ताजी जखम होते. तिच्यातून चीक वाहतो आणि तिच्या तोंडाशी रसवाहिन्या उघड्या असतात. फणी पाण्यात पडली की पाण्यातले बीजाणू त्या वाहिन्यांत ओढले जातात, काही मिलिमीटर आत. वरून कितीही धुवा, पुसा, फवारा, आत गेलेला बीजाणू हाती लागत नाही. कटाई दुपारची असेल तर आणखी बिघडते. उन्हातून आलेले फळ गरम, बोअरचे पाणी त्याहून थंड. फळाच्या आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाते. म्हणून टाकीचे पाणी हा या रोगाचा कणा आहे, आणि तपासणीचा सर्वात जास्त वेळ तिथेच गेला.

टाकी २,००० लिटरची. सकाळी भरताना १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे दोन लिटर टाकायची पद्धत होती. हिशेब बरोबर आहे: १० टक्क्यांच्या द्रावणाच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅम क्लोरीन, दोन लिटरमध्ये २००, आणि २,००० लिटर पाण्यात ते १०० पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) होते. कागदावर सगळे ठीक होते. प्रत्यक्षात चार गोष्टी बिघडल्या होत्या.

हायपोक्लोराइटचे कॅन मे महिन्यात आणलेले आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले. खानदेशातला मे म्हणजे बाहेर ४४-४५ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप उतरते, आणि अशा जागी दोन-तीन महिन्यांत त्याचा मोठा हिस्सा निघून जातो. कॅनवर १० टक्के छापलेले असते, आत पाच उरलेले असू शकते. मग दोन लिटर टाकूनही टाकीत ५० पीपीएमच तयार होते.

बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर होता. बुरशी मारायचे काम मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते, आणि ते किती उरेल हे सामू ठरवतो. सामू ७ ला क्लोरीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्या कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम चौथाई. म्हणजे जे काही क्लोरीन होते, तेही अर्धवट बांधलेल्या हातांनी लढत होते.

तिसरी गोष्ट म्हणजे चीक, माती, वाळलेल्या फुलांचे तुकडे. हे सगळे क्लोरीन खाऊन टाकतात. दिवसभरात टाकीत हजारो फण्या बुडतात, पण क्लोरीन सकाळी एकदाच घातले जात होते. पुढच्या पॅकिंगच्या दिवशी दर तासाला क्लोरीनची चाचणीपट्टी बुडवून पाहिली, तेव्हा साडेअकरानंतर पट्टीला रंगच चढेना. त्यापुढची प्रत्येक फणी ताज्या जखमेसह बीजाणूंच्या पाण्यात बुडत होती. शिक्क्यांवरची दुपार आणि पट्टीवरची दुपार तंतोतंत जुळली.

चौथी गोष्ट म्हणजे घड आणणारी ट्रॉली. फळ खरचटू नये म्हणून तिच्यात केळीची पाने अंथरतात. ती पाने त्याच बागेतली, त्यांतली काही वाळकी आणि करप्याने भरलेली. वाळक्या पानांवर बुरशीचे बीजाणू लाखोंनी असतात, आणि घडाबरोबर ते थेट टाकीपर्यंत येतात. पानांऐवजी धुता येणाऱ्या फोमच्या गाद्या वापरणे खर्चिक वाटते, पण पॅकहाऊसमधली ही एक सुधारणा लवकर वसूल होते.

चाकू आणि मागची रास

फणी कापायचे वक्र चाकू बोथट होते. बोथट चाकूने क्राउन कापला जात नाही, फाटतो. कडेला तंतू लोंबतात आणि वाळताना काळे होऊन बुरशीला पाय ठेवायला जागा देतात. काप एका झटक्यात, गुळगुळीत आणि दांड्याला लागून घ्यायचा, म्हणजे फणीकडे दीड-दोन सेंटिमीटर क्राउन शिल्लक राहतो. पेटीत माल नीट बसावा म्हणून काही मजूर क्राउन फार खोल तासत होते. तो पातळ राहिला की कुज दोन दिवसांत केळाच्या देठात उतरते आणि केळ गळते. गळ नेमकी अशाच फण्यांत दिसली. दर तासाला चाकू बदलणे आणि वापरलेले चाकू क्लोरीनच्या पाण्यात बुडवून मग धार लावणे, एवढे पुरते.

शेडच्या मागे दांडे, टाकाऊ केळी आणि फुलांचे तुकडे यांची रास होती, नैर्ऋत्येकडे. पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो. रास रोज उचलून शेडपासून दूर खड्ड्यात टाकायची, एवढाच उपाय.

करू नयेत असे उपाय

तक्रार आल्यावर दोन सूचना लगेच पुढे आल्या होत्या. दोन्ही चुकीच्या होत्या आणि दोन्ही या भागात वारंवार ऐकू येतात.

पहिली: टाकीत बुरशीनाशक दुप्पट करा. जगभर केळीच्या क्राउनवर थायाबेंडाझोल, इमॅझॅलिल, ॲझॉक्सिस्ट्रोबिन अशी औषधे वापरली जातात. पण माल ज्या देशात जाणार तिथली अवशेषांची मर्यादा आणि आपल्याकडे त्या औषधाला काढणीनंतरच्या वापराची मंजुरी, या दोन्ही गोष्टी लेखी पाहिल्याशिवाय एक थेंबही घालू नये. मर्यादा ओलांडली तर कुजलेल्या पेट्यांऐवजी सबंध कंटेनर परत येतो. शिवाय गढूळ, चिकाळ टाकीत औषधही गाळाला चिकटून वाया जाते. आधी पाणी, मग औषध, हा क्रम उलटवता येत नाही.

दुसरी: रीफर ११ अंशांवर लावा, बुरशी थांबेल. हा विचार सफरचंदाच्या गोदामातून आलेला आहे. जळगाव-धुळ्याच्या शीतगृहांत काश्मीर-हिमाचलचे सफरचंद शून्य ते एक अंशावर महिनोन्महिने राहते. तिथेही बुरशी जखमेतून आणि धुण्याच्या पाण्यातूनच शिरते. सफरचंदाची निळी बुरशी, पेनिसिलियम एक्सपॅन्सम, अगदी याच वाटेने जाते, पण थंडी तिला मंदावते आणि सफरचंद ती थंडी सोसते. केळ सोसत नाही. १३ अंशांच्या खाली साल आतून तपकिरी होते, फळ राखाडी-मळकट पिवळे पिकते आणि नीट गोडही होत नाही. हिवाळ्यात बागेत थंडीचा ‘चरका’ बसतो, तेच नुकसान कंटेनरमध्ये पैसे देऊन ओढवून घ्यायचे. केळीसाठी हवा १३ ते १४ अंश आणि आर्द्रता ९० ते ९५ टक्के. कुजीचा बंदोबस्त त्याआधीच झालेला असला पाहिजे.

थंडीबाबत एक गोष्ट मात्र खरोखर सुधारण्यासारखी होती. सप्टेंबरमध्ये कापलेल्या केळ्याच्या गराचे तापमान २८ ते ३० अंश असते. रीफर हे तापमान टिकवायचे यंत्र आहे, उतरवायचे नव्हे. गरम पेट्या थेट भरल्या तर मधल्या पेट्यांना १४ वर यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात कुज धरते. प्रीकूलिंगच्या (भरण्याआधी गार करण्याच्या) खोलीत पेट्यांमधून हवा ओढून गर १४ ते १५ अंशांवर आणायचा, गराची सुई पेटीच्या मधल्या फणीत खुपसून पाहायची आणि मगच भरायचे. थंड पेट्या भर पावसाळी हवेत तासभर उभ्या ठेवल्या तर क्राउनवर दव जमते. कंटेनरचे दार आणि खोलीचे दार समोरासमोर आणणे म्हणूनच महत्त्वाचे.

जळगावच्या चेंबरमध्येही एक चूक सापडली. इथिलीन १०० पीपीएम, २४ तास, हे बरोबर होते. अन्नसुरक्षेच्या नियमांतही मर्यादा तेवढीच आहे, आणि कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे. पण सणाची मागणी गाठायला खोली २२ अंशांवर चालवली होती. १६ ते १८ अंशांवर पिकवले तर एक-दोन दिवस जास्त लागतात, पण बुरशीला तेवढी घाई मिळत नाही.

‘ख’ बागेचे ठिपके

हा वेगळा रोग: अँथ्रॅक्नोज. बुरशी कोलेटोट्रायकम म्युसीच, पण तिची चाल निराळी. पावसाच्या थेंबांबरोबर बीजाणू कोवळ्या हिरव्या फळावर पडतो, रुजतो, सालीला चिकटून एक टणक गाठ करतो आणि तिथेच झोपून राहतो. फळ पिकू लागले, सालीतली संरक्षक द्रव्ये कमी झाली, की तो जागा होतो. म्हणून पॅकहाऊसमध्ये हे फळ निर्दोष दिसते. टाकीत १०० पीपीएम क्लोरीन असले तरी चिकटलेल्या गाठीला ते पोचत नाही.

ऑक्टोबरअखेर लावलेला हा कांदेबाग जूनमध्ये निसवला (घड बाहेर पडले), म्हणजे घडाचे सबंध आयुष्य पावसात गेले. क आणि ग बागांचेही तसेच. फरक तीन ठिकाणी होता. ‘ख’ मध्ये केळ्यांच्या टोकावरची वाळलेली फुले काढलेली नव्हती, आणि ती फुले या बुरशीचे आवडते घर आहेत. फुले निसवणीनंतर आठ-दहा दिवसांत, केळी आडवी होत असताना, सकाळच्या वेळी हाताने सहज निघतात. उशीर झाला की ओढताना चीक सांडतो आणि डाग पडतात. दुसरे, स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायची पिशवी) तीन आठवडे उशिरा चढवली होती. तोवरच्या पावसाने काम करून टाकले होते, आणि बॅगेने उलट ओल कोंडली. तिसरे, खालची वाळकी पाने घडाला घासत लोंबत होती.

करप्याचा हिशेबही इथेच येतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या पट्ट्यात सिगाटोका, म्हणजेच पानांचा करपा, जोरात असतो. पाने करपली की घड भरत नाही एवढेच नुकसान नाही. अशा झाडाचे फळ हिरवे असतानाच आतून पिकायला निघते आणि वाटेत पिवळे पडते. वाटेत पिवळ्या पडलेल्या पेट्या बहुतेक ‘ख’ च्याच होत्या, हे शिक्क्यांवरून कळले. निसवणीला दहा-बारा निरोगी पाने आणि कापणीला किमान सहा, हे निर्यातीच्या बागेचे किमान गणित धरावे. १.५ बाय १.५ मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडे असतात. एवढ्या दाटीत पावसाळ्यात हवा खेळत नाही, म्हणून पिले वेळेवर कापणे आणि पानाचा करपलेला भाग तेवढाच छाटून बागेबाहेर नेणे यावर भर द्यावा लागतो. फवारणीत प्रोपिकोनॅझोल २५ ईसी १ मिली आणि खनिज तेल १० मिली प्रति लिटर, २५ दिवसांच्या अंतराने. तेच औषध लागोपाठ नको, गट बदलत राहावे. काढणीपूर्वीचे अंतर लेबलावर पाहूनच शेवटची फवारणी ठरवावी.

झोपलेला संसर्ग काढणीआधी पाहता येतो, आणि ही चाचणी प्रत्येक निर्यातदाराने करावी असे आमचे ठाम मत आहे. काढणीच्या पंधरा दिवस आधी बागेत तिरके चालत वीस घडांच्या मधल्या फणीतले एकेक केळ काढायचे, स्वच्छ धुऊन बंद खोक्यात तीन-चार पिकल्या केळ्यांसोबत ठेवायचे. पिकल्या केळ्यांतून निघणारे इथिलीन त्यांना पिकवते. आठ-दहा दिवसांत साल पिवळी होताना ठिपके मोजायचे. बऱ्याच केळ्यांवर ठिपके आले तर तो माल समुद्रापलीकडे पाठवू नये. जवळच्या बाजारात, जिथे पिकल्यावर दोन-तीन दिवसांत विक्री होते, तिथे तो नीट खपतो.

पुढचा कंटेनर

ऑक्टोबरच्या पॅकिंगला बदल असे केले. हायपोक्लोराइटचे कॅन विटांच्या खोलीत, अंधारात, आणि खरेदी महिन्यापुरतीच. पाण्याचा सामू सायट्रिक आम्लाने थोडा थोडा करत ६.८ ते ७.२ दरम्यान आणला. आम्ल आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र ओतायचे नाही. दोन्ही वेगवेगळे, भरपूर पाण्यात विरघळवून, टाकीच्या दोन टोकांना. सामू ६ च्या खाली गेला तर क्लोरीन वायू सुटून डोळे-घसा जळतो, आणि तसा वास आला की आधी माणसे बाहेर काढायची. एका टाकीच्या दोन झाल्या: पहिलीत चीक वाहून जाऊ देणे, दहा-पंधरा मिनिटे, मग क्राउनचा काप धारदार चाकूने ताजा करून दुसऱ्या स्वच्छ टाकीत. दर तासाला पट्टी, ५० पीपीएमच्या खाली आकडा आला की मात्रा वाढवणे, आणि जेवणाच्या सुट्टीत पहिल्या टाकीचे पाणी पूर्ण बदलणे. वजनानंतर फक्त क्राउनच्या कापावर तुरटीचे १ टक्का द्रावण, म्हणजे लिटरला १० ग्रॅम. त्याने चीक थांबतो आणि काप लवकर कोरडा पडतो. तुरटी क्लोरीनच्या टाकीत टाकायची नाही, ती सामू घसरवते.

प्रत्येक तुकडीतल्या दोन पेट्या राखून १३.५ अंशांवर चौदा दिवस ठेवल्या, मग १८ अंशांवर पिकवल्या. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पेट्यांत आता फरक राहिला नाही. क्राउन बहुतेक कोरडे, काहींच्या कडेला फक्त बारीक काळी रेघ. ‘ख’ बागेच्या राखीव पेट्यांत मात्र ठिपके पुन्हा आले. या हंगामात ते जाणारच नव्हते, कारण तो संसर्ग जुलैचा होता. त्या बागेचा उरलेला माल देशी बाजाराला वळवला आहे. पुढच्या निसवणीला फुले काढणे आणि बॅग चढवणे यांची तारीख प्रत्येक ओळीच्या पहिल्या झाडावर रंगीत फीत बांधून लिहायची, आणि वीस केळ्यांची चाचणी स्वच्छ निघाली तरच तिच्या पेट्यांवर निर्यातीचा शिक्का मारायचा, असे ठरले आहे.